काठ आला की वल्हं उचलायचं

धरण झालं तेव्हा आमचं गवताचं रान पाण्यापलीकडे गेलं आणि आम्ही अलीकडे राहिलो. बाबांनी फळ्या ठोकून होडी केली. दिवाळीनंतर त्या होडीतून गवताचे भारे शहापूरच्या बाजूला आणायचो. भारे रचले की बसायला जागा उरत नसे, म्हणून मी मागच्या टोकाला एक गुडघा टेकून एकाच बाजूने वल्हं मारायचो. बाबा भाऱ्यांवर बसून माझ्या चुका काढायचे.

त्यांचा नियम एकच. "काठ आला का वल्हं उचल. होडी आपली आपण जाते." काठाला दगड होते. फळी फुटली की दोन दिवस डांबर लावण्यात जायचे.

मुरबाडच्या कॉलेजात असताना खेळाच्या सरांनी मला एका शिबिराला धाडलं. तिथे कॅनोइंग शिकवत होते. होडी पडवळासारखी अरुंद. एक गुडघा टेकायचा, एकाच बाजूने वल्हं मारायचं आणि नाकासमोर सुटायचं. बाकीची मुलं धपाधप पाण्यात पडत होती. मी पडलो नाही. प्रशिक्षकांनी विचारलं, "कुठे शिकलास?" मी म्हटलं, "गवत वाहताना." त्यांना ते उद्धटपणाचं वाटलं, पण त्यांनी मला घेतलं.

तीन वर्षांनी मी देशाच्या संघातून परदेशातल्या एका तलावावर अंतिम शर्यतीला उभा होतो. प्रशिक्षकांनी साफ सांगितलं होतं, पहिल्या तिघांत आलास तर संघात राहशील, नाहीतर घरी. मला घरी जायचं नव्हतं. जन्मभर हेच करायचं होतं.

मी तिसरा होतो. शेवटची रेघ जवळ आली, पलीकडे माणसं उभी दिसली आणि माझ्या हातांनी वल्हं उचललं. मला विचारलंही नाही. होडी आपली गेली. शेजारचा एक वल्हं जास्त मारून पुढे निघाला.

"का थांबलास?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"काठ आला होता."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडलो. त्या देशात गवत फार चांगलं होतं.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "होडी फुटली का?"

"नाय."

"मंग बरा केलास."

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भारे भरून निघालो. काठ आला. मी वल्हं उचललं नाही, उलट दोन जास्तीची हाणली. होडी दगडावर आदळली, पुढची फळी फुटली आणि बाबा दोन भाऱ्यांसकट चिखलात पडले.

ते उठले. धोतर झाडलं. फुटलेल्या फळीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"हां," म्हणाले. "आता आलास तिसरा."