घास घेतला की डोळा वाहतो

भिलाईशेजारच्या हिंदीभाषी शहरात, शंकर नगरातल्या एका सरकारी ऑफिसात देवश्री गजभिये हेड क्लर्क आहेत. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. चूळ भरली की पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायचं. औषधं झाली, गालाचे व्यायाम झाले. उन्हाळ्यापर्यंत हसू जवळजवळ सरळ झालं आणि घरचे निर्धास्त झाले.

मग एकदा डब्यातली वांग्याची भाजी तोंडात घातली आणि डाव्या डोळ्यातून धार लागली. तिखट असेल, असं त्यांना वाटलं. पण दुसऱ्या दिवशी दहीभातालाही तेच झालं.

ऑफिसातल्या बायकांनी ठरवूनच टाकलं की नवरा छळतो. नवरा प्रशिक रेल्वेत, कधी आवाजही न चढवणारा. एका बाईनं पाठीवर हात फिरवला, "दीदी, सब ठीक हो जाएगा."

"अवं, मी रडून नाही राहिले, मी जेवून राहिले!"

बाईनं आणखी मायेनं पाठ थोपटली.

नसांच्या डॉक्टर सुनीतींनी सगळं ऐकून घेतलं. "गर्भात नसेचा तंतू वाढतो ना, तेव्हा वाटेतल्या पेशी रसायनं सोडून त्याच्या टोकाला सांगत असतात, इकडे ये, तिकडे जाऊ नको. ते ओळखत टोक पुढे सरकतं आणि बरोबर जागी पोचतं. तुमची नस सुजली, तंतू तुटले, नवे फुटले. पण या वेळी वाटेतल्या खुणा तितक्या स्पष्ट नव्हत्या. लाळेच्या ग्रंथीकडे निघालेले तंतू अश्रूंच्या ग्रंथीत शिरले. म्हणून घास घेतला की लाळेचा हुकूम डोळ्याला पोचतो."

"मंग वापस फिरवा न त्याइले."

"ते अजून कोणालाच जमत नाही. अश्रूंच्या ग्रंथीत इंजेक्शन देता येईल, पण असर काही महिनेच राहतो."

डोळ्यापाशी सुई म्हटल्यावर देवश्रींनी ते पुढे ढकललं.

तेवढ्यात मुलीला, दीक्षाला, पाहायला भिलाईचे लोक आले. जेवणाच्या वेळी मुलाच्या आईनं, कांताबाईंनी, देवश्रींनाही आग्रहानं पंगतीत बसवलं. पहिला घास, आणि डोळा सुरू. कांताबाईंचा हात ताटातच थांबला.

"ताई, पोरीच्या मनात नाही का?"

देवश्री नस, ग्रंथी, तंतू सगळं घाईघाईनं सांगायला लागल्या. जितकं सांगत गेल्या तितकं ते बहाण्यासारखं वाटत गेलं. आठवड्यानं मध्यस्थाकडून नकार आला.

"मम्मी, आप बाद में खा लेतीं ना," दीक्षा म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली.

देवश्रींनी मग इंजेक्शन घेतलं. डोळा थांबला. त्यांनी स्वतः कांताबाईंना फोन लावून डोळा बरा झाल्याचं सांगितलं. "हव, हव," पलीकडून आवाज आला, "पण आमचं दुसरीकडं जमलं."

थंडीत औषधाचा असर उतरला. तेलीबांधा भागातल्या एका लग्नात देवश्री ताट घेऊन कोपरा शोधत होत्या. मग वैतागून भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर खुर्ची ओढून बसल्या. पहिल्या घासालाच डोळा वाहायला लागला. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय झालं माय?"

"काही नाही झालं. भूक लागली आहे मले."

म्हातारीनं तरी डोळा पुसायला पदर पुढे केलाच. देवश्रींनी तो बाजूला सारला, आणि डोळा न पुसता पुरी तोडली.