मायनं सोडलेला चहा

हे मी आजवर कोणाजवळच बोलले नाही. ऑपरेशनचं खरं नवऱ्याला ठाऊक आहे, पुढचं त्यालाही नाही. तुला सांगते — मग माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू दे.

दोन लेकरं अंगावर पाजून वाढवली, नंतर वजन उतरवलं, अन् छाती पार ओघळली. साडी बदलताना मी आरशाकडं पाठ करायची. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर उचलून शिवता येते. पण डोणगावात हे सांगायचं कसं? चाळिशीतली बाई, शाळेतली मॅडम — अन् हिला हे सुचलं! मी घरी सांगितलं, गाठ आहे, काढावी लागते.

माय, म्हणजे माझी सासू, मटकन खालीच बसली.

नंतर सगळं तिनंच केलं. सहा आठवडे हात वर न्यायचे नाहीत, बादली उचलायची नाही, उशांना टेकून उताणं झोपायचं, अन् रात्रंदिवस ती घट्ट ब्रा. अंग निळंजांभळं, टाक्यांशी बधिरपणा. सूज उतरायला महिने लागतील, व्रण राहतील — मला सगळं आधीच सांगितलेलं होतं. मायला कोण सांगणार? माझी वेणी घालता घालता ती रडायची. "लय दुखून राह्यलं का वं?"

एकदा तिनं विचारलं, गाठ परत यायचं भेव किती दिवस राह्यते? मी म्हटलं, पाच वर्षं. कुठंतरी वाचलं होतं. खोटं पक्कं वाटावं म्हणून बोलून गेले, झालं!

दुसऱ्या सकाळी तिनं कप सरकवला. "बालाजीले नवस बोलली मी. पाच वर्षं चहा बंद."

अगं, दिवसातून सहादा बशीत ओतून चहा पिणारी बाई ती! मी चहा गाळायला घेतला की उठून अंगणात जायची, वास नको म्हणून. रिपोर्ट चांगला आला, आता भीती नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. नाही म्हटलं. ती रिपोर्ट चारचौघींना सांगेल, कोणीतरी खोदून विचारेल — भित्री मी, दुसरं काय? अन् याहून वाईट — मला बरं वाटायचं. माझ्यासाठी कोणी कधी काही सोडलं नव्हतं गं.

चौथ्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. मेहकरच्या दवाखान्यात अन्न जाईना. डॉक्टर म्हणाले, आवडेल ते द्या. मी गुळाचा चहा करून नेला, चमचा ओठांशी धरला. तिनं तोंड फिरवलं.

"सालभर राह्यलं न वं अजून. तुले काही झालं तं?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. एक वाक्य पुरलं असतं.

मी चमचा पुसला अन् थर्मासचं झाकण लावलं.