कोथिंबिरीच्या जागेवर

बायकोच्या सांध्यांचं इंजेक्शन महागडं. सरकारी योजनेत फुकट, पण मिळायचं फक्त मोठ्या इस्पितळात. रुग्णाने स्वतः यायचं, असा नियम. दर आठवड्याला दोन बस बदलायच्या. गुडघ्यांचं औषध आणण्यातच गुडघे झिजत होते.

मग नियम बदलला. इंजेक्शन गल्लीतल्या औषधाच्या दुकानातही मिळणार. मात्र दुकानात वेगळा फ्रिज हवा, त्यात औषधाखेरीज काही नको. बाकीच्या दुकानदारांनी कानांवर हात ठेवले. आमच्या औषधवालीने फ्रिज आणला.

बाई काडीसारखी. पायऱ्यांवर तिने फ्रिजची खालची बाजू धरली. आयुष्यभर गोदामात ओझी उचलली म्हणून सांगतो, खरा भार खालच्यावर येतो.

"मी खाली येतो," मी म्हटलं.

"काका, तुमची कंबर मोडली तर तिचं औषध योजनेत नाही. वरच धरा."

चौकटीचा रंग गेला, फ्रिज आत गेला.

दुकानामागच्या खोलीत तिची सासू राहते. एवढा फ्रिज रिकामा पाहून म्हातारीचा जीव तळमळायचा. सकाळी ती कोथिंबिरीची जुडी आत ठेवायची, सून बाहेर काढायची. दुपारी जुडी पुन्हा आत. शेवटी सुनेने कुलूप घातलं.

परवानगीआधी फ्रिज बघायला सरकारी तपासनीस आला तेव्हा आम्ही नवराबायको दुकानातल्या बाकावर होतो. तो नाही म्हणाला की पुन्हा त्या दोन बस. त्याने तापमान पाहिलं. मग वाकून हुंगलं.

"कोथिंबिरीचा वास येतोय."

औषधवालीचा चेहरा उतरला. बायकोने माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात म्हातारी बाहेर आली. "येणारच! माझी जुडी होती. पण ही ठेवू देते का? परवापासून कुलूप! साहेब, सासू मोठी की फ्रिज?"

"किल्ली कोणाकडे असते?"

"हिच्या गळ्यात! आंघोळीलासुद्धा काढत नाही. लिहा, हेही लिहा!"

तपासनिसाने सगळं लिहिलं आणि खाली शिक्का मारला. "आजी, तुमच्या तक्रारीने काम झालं. परवानगी दिली."

आपण खटला जिंकलो, असं म्हातारीला संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात बायको पायीच दुकानात गेली. इंजेक्शन घेऊन वळते तोच म्हातारीने तिला अडवलं.

"माझ्या कोथिंबिरीच्या जागेवर बसलंय ते. नीट बरी हो, नाहीतर जागा परत घेईन."