आरसी कोरी होती, गाडी ठोकलेली होती

मैत्रिणींनो, दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या उलव्याच्या सोसायटीतल्या सावंतांची गाडी आम्ही लेकीसाठी घेणार होतो. ती महापेला नोकरीला जाते, रोज स्वतःच चालवणार. आज सावंत नवरा-बायको कागद आणि पेढे घेऊन घरी आले. पेढा तोंडात टाकून मी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, वाचली. अपघाताचा उल्लेख कुठेच नव्हता, म्हणून मी निर्धास्त झाले.

"आई, आरसीवर अपघात लिहीतच नाहीत," लेक म्हणाली. "ते इन्शुरन्समधून कळतं. काका, पॉलिसी दाखवता?"

माझ्या नवऱ्याने डोळे वटारले. "अगं, घरातलीच माणसं आहेत ना ही!"

पॉलिसीत नो क्लेम बोनस शून्य होता. म्हणजे आदल्या वर्षी क्लेम घेतलेला असणार. मी धीर करून विचारलं, "भावजी, क्लेम कशाचा होता?"

"काही नाही हो वहिनी, बंपर जरा घासला होता."

मग सावंतवहिनीच म्हणाल्या, "बंपर काय? एअरबॅग उघडल्या होत्या. त्यांची पोरगी चालवणार आहे, खरं सांगा की!"

गाडी आम्ही घेतली नाही. जाताना वहिनींनी माझा हात घट्ट दाबला. भावजींनी मात्र वळूनही पाहिलं नाही.

लेकीने विचारलं नसतं, तर ओळखीखातर मी गप्प बसले असते, हे मनातून जातच नाही. ओळखीच्या माणसाकडे असे कागद मागायला तुम्हाला जमतं का? कसं मागता?