कव्हरवरचं एकच नाव

लंडनमधल्या एजवेअरच्या त्या घरात नवरा-बायको दोघंही डॉक्टर, पण वेड एकट्या शशिधररावांना. १९७४ साली हॉस्पिटलजवळच्या बाजारात त्यांनी एक जुनी रेकॉर्ड उचलली. एका अमेरिकन कंट्री गिटारवाल्याने रॉक अँड रोलवर नाचणाऱ्या पोरापोरींसाठी काढलेली. गाणं नाही, नुसती गिटार. घरी येऊन लावली आणि गडी खल्लास!

तेव्हापासून बत्तीस वर्षं हा माणूस पेशंटना भूल देऊन घरी आला की कोट काढायच्या आधी गिटार उचलायचा. शिकवायला कोणी नाही. रेकॉर्ड अर्ध्या वेगाने फिरवायची, चार सूर ऐकायचे, सारेगममध्ये वहीत लिहायचे, की सुई पुन्हा मागे. असे रेकॉर्डवरच्या बारा तुकड्यांपैकी अकरा बसवले. बाराव्याने मात्र नाकी नऊ आणले.

"अहो, जेवण गार झालं. सोडा की त्या बाराव्याला," बायको सुप्रभा करवादायची.

"तो एकटा माणूस वाजवतो ना? मग मला का जमू नये?"

कव्हरवर नाव एकच होतं. आपल्याकडे सतारीच्या रेकॉर्डवर एक नाव असलं की सतार वाजवणारा तोच एक, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं.

२००६च्या मार्चमध्ये त्यांनी हात टेकले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, बोटं आखडलेली. "माझ्या बोटांतच नाही ते," म्हणाले आणि गिटार पेटीत घालून दाराशी ठेवली. शनिवारी जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपला द्यायची. त्या आवाजावर सुप्रभाने जन्मभर कटकट केली होती, पण तो थांबला तर घरात उरणार काय?

शुक्रवारी जावई मिहीरने त्याच रेकॉर्डची नवी सीडी पोस्टाने पाठवली. आतल्या पुस्तिकेतली अक्षरं मुंगीएवढी. "तूच वाच गं," शशिधरराव सुप्रभाला म्हणाले.

वाचता वाचता ती थबकली. बाराव्या तुकड्यात त्या गिटारवाल्याने आधी एक गिटार रेकॉर्ड केली होती आणि मग तिच्यावर दुसरी वाजवून चढवली होती. सांगावं का यांना? बत्तीस वर्षं पाण्यात गेली असं वाटलं तर? पण शनिवार उद्यावर आलेला. तिने सांगून टाकलं.

शशिधरराव म्हणाले, "पेटी आण."

ते वाजवू लागले आणि सुप्रभाने आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं. अंगठा खाली ठेका धरतोय, दोन बोटं वरची चाल, आणि तिसरं मधूनच दुसऱ्या गिटारीचं उत्तर देतंय. अगं बाई! चार हातांचं काम हा माणूस दोन हातांनी करत होता, आणि ती आपली भाजी गार झाली म्हणून ओरडत होती.

नेहमीच्या जागी बोटं अडखळली. शशिधररावांनी हात खाली घेतला.

"अडलंच की गं."

"अडणारच!" सुप्रभा म्हणाली. "अहो, तिथे त्यालासुद्धा दोन्ही गिटारी एकदम जमल्या नव्हत्या."