आधी येणारी पावलं

माझ्या लेकीच्या बापाइतका वेळेआधी पोहोचणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही. तो स्वतःच्याही आधी पोहोचायचा. आमचा घटस्फोट झाला तेव्हा तनू माझ्याकडे येलदरीला राहिली आणि त्याच्या वाट्याला रविवार आला. भेट माझ्या घरी, असं कोर्टानं ठरवलेलं. पण उंबरा ओलांडायचा नाही, हे या गृहस्थानं परस्पर ठरवून टाकलं. पायरीवर चहा, पायरीवरच तनूच्या वेण्या, पावसात डोक्यावर छत्री धरून तिचं गणित. लग्नात कधी न मिळालेला मानही मला आता मिळू लागला. "तुमी आत बसा, आमचं लय बरं चाललंय," म्हणायचा.

तर रविवारी सकाळी फाटकाची कडी वाजायची, त्याचं ते घसा खाकरणं ऐकू यायचं, पायरीवर चपला आपटायच्या. "पप्पा आले!" म्हणत तनू दार उघडायची, तर पायरी रिकामी. शेजारचं कुत्रं मात्र त्या रिकाम्या पायरीपुढं शेपूट हलवत उभं! माझ्या अंगावर सर्रकन काटा यायचा. मग दुपारी जिंतूरच्या एसटीनं हा प्रत्यक्ष उगवायचा; तीच कडी, तेच खाकरणं, त्याच चपला. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाला, "मन कवाच निघून येतंय हो. अंगाला डूटी सुटस्तोर थांबावं लागतंय." रेल्वेतल्या माणसाचं हे वेळापत्रक! मी हसले खरी, पण रविवारी सकाळी एकटीनं दार उघडायची माझी कधी छाती झाली नाही.

यंदा आठवीसाठी तनू त्याच्याकडे पूर्णेला गेली. आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं. आता रविवार माझा. घर इतकं गप्प झालं की मी कडीकडे कान लावून बसायची. लेक हळूहळू आपल्याला विसरेल, या भीतीनं जीव थाऱ्यावर नव्हता.

पहिल्या रविवारी दुपार कलताना त्याच्या दाराशी पोहोचले. तनूनं दार उघडलं. "मम्मी, सकाळी येऊन परत कुठं गेलतीस? तुझ्या बांगड्या वाजल्या, मी पळत आले, तर तू नाहीच. पप्पांनी बी ऐकल्या."

सकाळी मी येलदरीच्या स्टँडवर बसची वाट बघत उभी होते.

"या," आतून तो म्हणाला. "तवाच टाकलेला तुमचा चहा गार झालाय."

दारातूनच दिसलं, स्वयंपाकाच्या ओट्यावर बशीनं झाकलेला कप होता. मला भीती वाटली नाही, रडू मात्र आलं. "आत या की," तो पुन्हा म्हणाला. मी पायरीवरच बसले. तनूनं आणून दिलेला तो गार चहा तिथंच प्यायले आणि तनूची वेणी सोडून पुन्हा घातली, जमेल तितकी सावकाश.