चाकातलं हिरवं औषध

किस्से काजूच्या बोंडांसारखे असतात. झाडाला दगड मारावा लागत नाही, पिकले की आपसूक खाली पडतात. पेडण्याच्या आमच्या शाळेत तर नायक सरांनी विजेची स्कूटर आणली आणि स्टाफरूममध्ये सडाच पडायला लागला!

नायक सर म्हणजे आमचे गणिताचे मास्तर. चाळिशी ओलांडलेले, अविवाहित, कोरगावला आईसोबत राहणारे. नव्या स्कूटरचे हार सुकले नव्हते, तोवर मागच्या चाकात खिळा घुसला. सर आणि मी गाडी ढकलत बसाप्पाच्या पंक्चरच्या दुकानात गेलो. बसाप्पा बेळगावकडचा, पण आता पेडण्यात मुरलेला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि हात जोडले.

"सर, ह्या चाकाच्या पोटात मोटर हाय. आज भोक बाहेरनं बुजवतो, पण टायर उतरवायला सांगू नका. वायर तुटली तर माझंच पंक्चर व्हायचं!"

मग त्यानंच सीलंटचा उपाय सांगितला. हिरवा, दाट रस. वॉल्वमधून टायरमध्ये सोडायचा. चाक फिरलं की आतून लेप बसतो आणि खिळ्यानं भोक पडलं की तो रसच ते बुजवून टाकतो.

मी म्हटलं, "अरे बसाप्पा, अशानं तुझा धंदा बसेल की!"

"बसू दे की सर. म्हंजे मीबी जरा बसतो!"

*

घरी सरांच्या आईनं विचारलं, "चाकांत कितें घातलें रे?"

आता म्हातारीला सीलंट काय समजावणार? सर म्हणाले, "वखद घातलं गो आई. औषध."

म्हातारीनं काळजीनं स्कूटरकडे पाहिलं. "उपाशी पोटार दिलें रे?"

*

सरांचा स्वभाव असा की सिद्ध केल्याशिवाय विश्वास नाही. एका मधल्या सुट्टीत त्यांनी सगळ्या स्टाफला मैदानात बोलावलं, हातोडा घेतला आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या टायरमध्ये खिळा ठोकला! शिपायानं डोळे मिटून घेतले. सरांनी खिळा उपसला, चाक गरागरा फिरवलं. फुस्स नाही, काही नाही. टायर ताठ!

सर विजयी मुद्रेनं हेडबाईंकडे वळले. बाई शांतपणे म्हणाल्या, "छान. हातोडा हातात आहेच, तर स्टाफरूमच्या खुर्चीचाही खिळा ठोकून टाका. कालच माझी साडी फाटली."

*

या औषधाचं एक पथ्य आहे. हवा तपासताना वॉल्व वरच्या बाजूला ठेवायचा, नाहीतर रस बाहेर येतो. हे पथ्य सर विसरले. पेट्रोल पंपावरच्या माणसानं हवेची नळी लावली मात्र, त्याच्या बोटांवर हिरवे ओघळ!

तो दोन पावलं मागे सरला. "सायबा, गाडीक थंडी जाल्या! हिका घराक न्हे आनी वाफ दी!"

*

सरांचं पाहून स्टाफमधल्या शालिनीबाईंनीही स्कूटर घेतली, औषधासकट. त्यांच्या टायरमध्ये एक खिळा घुसला, पण हवा काही जाईना. बाई तशाच शाळेत यायला लागल्या. रस्त्यावर तो खिळा टक्टक् वाजायचा. बाई फाटकात आल्या की आम्हाला वर्गात कळायचं.

मी म्हटलं, "बाई, काढून घ्या की तो."

"आमचे हेही तेच म्हणतात. मी म्हटलं, इतकी वर्षं तुम्हाला सांभाळलं, खिळा काय जड आहे?"

*

आणि मग सरांना आमोणे गावचं स्थळ आलं.

याआधी सरांना बरेच नकार आले होते. यावेळी आईनं बजावलं होतं, "हें शेवटचें. परत सांगचें ना." मुलगी वृंदा, डिचोलीला बँकेत नोकरीला. सरांनी पांढरा शर्ट कडक इस्त्री केला आणि मला मागे बसवलं. वाटेत मीच चेष्टेनं म्हटलं, "सर, तिथं गाडी चार्जिंगला लावावी लागणार. म्हणजे नकार आला तरी चार्ज होईपर्यंत बसायचं!"

सरांनी आरशात पाहून कॉलर सरळ केली.

आमोण्याच्या वळणावर धारदार दगडानं टायर बाजूनं चिरला. एवढ्या चिरेपुढे औषध तरी काय करणार? मागून हिरवी पिचकारी उडाली. सर बघायला वाकले आणि दुसरी थेट त्यांच्या छातीवर! मान खाली घालून त्यांनी गाडी ढकलायला सुरुवात केली. "परत जाऊया," एवढंच म्हणाले. पण परत तरी कशावर जाणार?

अंगणात वृंदाचे वडील उभे होते. सरांचा शर्ट पाहून त्यांचा चेहरा पडला. "अरे, हें कितें? असं करूया, परत केव्हातरी या..."

एवढ्यात आतून वृंदा आली. तिनं शर्टाकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं आणि विहिरीवर बादली नि साबण नेऊन ठेवला.

"सीलंट ना? माझ्या गाडीतही आहे. वाळायच्या आत धुवा, नाहीतर डाग जाणार नाही."

 परक्या अंगणात, सगळ्यांसमोर, सरांनी शर्ट काढला आणि बनियनवर धुवायला बसले. आधी डागांवर पाणी, मग साबण, मग कॉलर. पिळला, झटकला, दोरीवर सरळ घातला. बादली धुऊन पालथी ठेवली. साबण जागच्या जागी.

वृंदा खांबाला टेकून हे सगळं बघत होती. मग मुलीसाठी ओसरीवर मांडलेल्या पाटावर बसली आणि वडिलांकडे वळून म्हणाली,

"बाबा, चहा तुम्ही टाका."